बेडकांच्या टँकसाठी सोलरमीटर 6.5 : आधी मीटर घ्या, मग दिवा

हा रिव्ह्यू लांब होणार आहे. नुसतं "छान आहे, घ्या" म्हणून सोडून द्यायची ही वस्तू नाही, आणि बेडूक पाळणाऱ्या बहुतेकांना ही लागते हेच माहीत नसतं.

सोलरमीटर 6.5 म्हणजे हातात मावणारं एक साधं यंत्र. वरच्या टोकाला सेन्सर, पुढे छोटा डिस्प्ले आणि एक बटण, आत 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. बटण दाबून धरायचं, सेन्सर दिव्याकडे करायचा, त्या जागी यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांचा जोर, किती आहे ते आकड्यात दिसतं. ब्लूटूथ नाही, अ‍ॅप नाही, काही नाही. किंमत मात्र एका चांगल्या यूव्हीबी (अतिनील किरणांतला मधला पट्टा, ज्याने कातडीत डी जीवनसत्त्व बनतं) ट्यूब आणि फिटिंगच्या वरच जाते, त्यामुळे दुकानात गेलं की सगळे आधी दिवा घेतात आणि मीटर "नंतर बघू" म्हणून राहून जातो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. बजेट एकाच वस्तूचं असेल तर पहिल्यांदा मीटर घ्या, दिवा पुढच्या महिन्यात, तोपर्यंत खाण्यावर डी3 जीवनसत्त्वाची पावडर चालू ठेवा.

मी ब्रिस्बेनला राहते, घरी ग्रीन ट्री फ्रॉग आहेत (इथे देशी बेडूक पाळायला सरकारी परवाना लागतो, तो काढलाय), आणि मागच्या अंगणात छोटं तळं आहे तिथे स्ट्राइप्ड मार्श फ्रॉग आपणहून येऊन पांढऱ्या फेसात अंडी घालून जातात. म्हणजे टँकमधले मोठे बेडूक आणि तळ्यातले टॅडपोल (बेडकाची शेपटीवाली पिल्लं), दोन्हीकडे यूव्हीचा प्रश्न येतो, आणि दोन्हीकडे उत्तर वेगळं आहे.

आता पहिला प्रश्न सगळे विचारतात तो, रात्री फिरणाऱ्या प्राण्याला यूव्ही कशाला? तर ग्रीन ट्री फ्रॉग रात्री शिकार करतो पण दिवसा कुठेतरी पानावर, फांदीच्या बेचक्यात अंग मुडपून झोपतो आणि तिथे पानांतून गाळून थोडा यूव्ही त्याच्या अंगावर येतच असतो. त्यातून कातडीत डी3 बनतं, डी3 शिवाय कॅल्शियम हाडात जात नाही, आणि मग वाकडे पाय, मऊ जबडा हे सगळं सुरू होतं. म्हणून थोडा यूव्ही हवा. थोडा. सरपटणारे प्राणी आणि उभयचर पाळणारे लोक फर्ग्युसन झोन वापरतात, म्हणजे प्राणी किती उन्हात बसतो त्यावरून पाडलेले गट, त्यातल्या पहिल्या म्हणजे सावलीत आणि संधिप्रकाशात राहणाऱ्या प्राण्यांच्या झोनमध्ये सरासरी यूव्ही इंडेक्स 0 ते 0.7 धरतात, आणि अगदी जास्तीत जास्त 1.4. ब्रिस्बेनला उन्हाळ्यात दुपारी बाहेर हाच इंडेक्स 11 च्या वर जातो, आणि इथे 3 झाला की माणसांना टोपी घाला क्रीम लावा म्हणून सांगतात. म्हणजे बेडकाला हवा असलेला आणि आपल्या डोक्यावरचा यात किती अंतर आहे बघा. आणि हे अंतर डोळ्याला दिसत नाही. यूव्हीबी दिसतच नाही, ट्यूब पांढरीस्वच्छ पेटलेली दिसते तेवढंच, त्यातून 0.3 येतंय का 4 येतंय हे कोणीही नुसतं बघून सांगू शकत नाही.

बरं, जास्त झालं तर बेडूक लगेच आजारी दिसेल आणि आपण दिवा काढू, असं कोणाला वाटत असेल तर ते तसं होत नाही, आणि हाच माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. आमच्या इथल्याच क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली एक काम प्रसिद्ध केलं, तेही याच मार्श फ्रॉगवर, जे माझ्या तळ्यात आहेत. अंड्यातून बाहेर आल्यापासून सहा आठवडे टॅडपोलना यूव्हीबी दिला, मरतील एवढा नाही, सोसवेल एवढाच. मग त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या, आणि राजम्यापासून काढतात ते एक प्रोटीन टोचून किती सूज येते ते बघितलं (सूज चांगली आली म्हणजे इम्युनिटी कामाला लागली असं समजायचं). टॅडपोलमध्ये फरक सापडला नाही. काहीच नाही! पण तेच टॅडपोल शेपूट जाऊन छोटे बेडूक झाले तेव्हा त्यांच्यात पांढऱ्या पेशी कमी होत्या आणि सूजही कमी आली, आणि तोपर्यंत दिवा कधीच बंद झालेला होता. म्हणजे मार लहानपणी बसतो आणि हिशेब मोठेपणी द्यावा लागतो, मधल्या काळात सगळं ठीकच दिसतं. हे वाचल्यापासून "माझे तर मस्त आहेत, खातायत पितायत" हे वाक्य मी पुरावा म्हणून धरत नाही.

आणि बेडकाची इम्युनिटी ही गोष्ट सध्या किती मोलाची आहे ते सांगायला नको. कायट्रिड बुरशीने जगभर बेडूक मेलेत, ऑस्ट्रेलियातल्या काही जाती तर गेल्याच. ग्रीन ट्री फ्रॉगलाही ती लागते. बेडकाची कातडी म्हणजे नुसतं आवरण नाही, त्यातून तो पाणी घेतो, श्वास घेतो, आणि जंतू मारणारे छोटे प्रोटीन त्याच कातडीतून सोडतो. ती कातडी भाजली तर उरतं काय. कोणी कोणी म्हणतं की यूव्हीने जंतू मरतात मग जास्त असला तर चांगलंच की. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ब्लॉस्टीन आणि कीसेकर या संशोधकांनी 1995 च्या प्रयोगात उलटच बघितलं, सॅप्रोलेग्निया नावाची पाण्यातली बुरशी आणि यूव्हीबी दोन्ही एकत्र आले की काही जातींची अंडी एकेकट्या कारणापेक्षा जास्त मेली.

आता रंगाबद्दल, कारण दिवा कितीचा घ्यायचा हे बेडकाच्या रंगावरही आहे.

मेलॅनिन सगळ्यांना माहिती आहे, आपल्या कातडीतही तेच असतं. कातडीच्या पेशीत मेलॅनिनचे कण केंद्रकाच्या वरच्या बाजूला गोळा होतात, इरलं पांघरल्यासारखे, आणि खाली डीएनए सुरक्षित राहतो. उघड्या पाण्यात अंडी घालणाऱ्या जातींची अंडी बघा, वरची बाजू काळी, खालची पांढरी. आणि दगडाखाली, मातीत, बिळात अंडी घालणाऱ्यांची बरीचशी फिक्कट, पिवळसर पांढरी, कारण तिथे ऊन येतच नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली जी मला फारच भारी वाटली, बेडकाला बाहेरून यूव्ही दिला तर कातडी गडद होते हे ठीक, पण आतल्या अवयवांवरचं काळं रंगद्रव्यसुद्धा वाढतं. बेडकांच्या पोटात, लिव्हरवर, वृषणांवर काळ्या पेशी असतात. लिव्हरमधल्या अशा पेशी एकीकडे मेलॅनिन धरून असतात आणि दुसरीकडे मेलेल्या पेशी, जंतू असला कचरा गिळतात, म्हणजे रंग आणि इम्युनिटी ही दोन खाती एकाच पेशीकडे. त्यामुळे "रंगद्रव्य म्हणजे फक्त सनस्क्रीन" एवढ्यावर थांबू नका.

पण काळा आहे म्हणून वाचला असंही सरळ नाही. 1994 चा ओरेगनचाच प्रयोग प्रसिद्ध आहे, डोंगरातल्या तळ्यांत तीन जातींची अंडी ठेवली, काहींवर यूव्हीबी अडवणारी फिल्म आणि काहींवर यूव्हीबी आत सोडणारी. पॅसिफिक ट्री फ्रॉगला काही फरक पडला नाही, पण कॅस्केड्स फ्रॉग आणि वेस्टर्न टोड यांची अंडी फिल्मखाली जास्त जगली आणि उघड्यावर कमी. फरक कशात निघाला तर फोटोलायेज नावाच्या एन्झाइममध्ये. यूव्हीबीने डीएनएमधली शेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, हे एन्झाइम ती सोडवतं, आणि त्याला ताकद मिळते निळ्या प्रकाशातून आणि यूव्हीएमधून (अतिनीलमधला लांब तरंगलांबीचा, सौम्य भाग). माणसात हे एन्झाइम नाही, कांगारूत आहे, बेडकात आहे पण जातीजातीत कमीजास्त. ट्री फ्रॉगच्या अंड्यात भरपूर होतं, बाकी दोघांत कमी. तर रंग म्हणजे मार अडवणं आणि फोटोलायेज म्हणजे मार बसल्यावर दुरुस्ती. दोन्ही बघावं लागतं.

याचा आपल्या दिव्याशी थेट संबंध आहे. टँकवर नुसता यूव्हीबीचा दिवा आणि बाकी अंधार असं कधीही करू नका. शेजारी चांगला पांढरा एलईडी किंवा खिडकीचा उजेड पाहिजेच, म्हणजे दुरुस्तीलाही प्रकाश मिळतो. आणि थंडीत काळजी घ्या, क्वीन्सलँडच्याच लोकांनी 2020 मध्ये दाखवलंय की थंड पाण्यातल्या टॅडपोलमध्ये ही डीएनएची दुरुस्ती हळू होते. म्हणून मी हिवाळ्यात सकाळी उठल्या उठल्या ट्यूब लावत नाही, टँक जरा गरम झाला की मग टायमर चालू होतो.

तर आता मीटरने काय काय कळलं ते.

काचेचं झाकण असलेल्या टँकवर ट्यूब ठेवली तर आत आकडा 0.0. साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणजे कितीतरी लोक काचेवर महागाची ट्यूब ठेवून वर्षभर वीज जाळतायत आणि बेडकाला डी3 चा एक कणही मिळत नाहीये. खिडकीतल्या उन्हाचंही तेच. बारीक जाळीच्या झाकणातून माझ्याकडे साधारण तिसरा हिस्सा कापला जातो, पण जाळी बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे माझा आकडा तुमच्याकडे चालणार नाही. जाळी काढून ट्यूब आतच लावली होती तेव्हा बेडूक झोपतो त्या वरच्या फांदीवर 1.9 आला, पहिल्या झोनच्या कमाल मर्यादेच्याही वर, आणि हीच ट्यूब डब्यावर "सावलीतल्या प्राण्यांसाठी" म्हणून विकतात. ट्यूब वर उचलली, मध्ये जाळी आणली, आता फांदीवर 0.6, मधल्या झाडाच्या पानांखाली 0.1, आणि मागच्या कोपऱ्यात झाडाच्या सालीखाली शून्य. असा उतार असला पाहिजे, एका टोकाला थोडं आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, बेडूक स्वतः ठरवतो कुठे बसायचं. लपायला जागा नसलेल्या टँकमध्ये 0.6 सुद्धा मी लावणार नाही.

दुसरी मोठी उपयोगाची गोष्ट म्हणजे ट्यूब म्हातारी कधी झाली ते कळतं. डब्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने बदला असं लिहिलेलं असतं, पण आतली पावडर किती झिजली हे वापरावर आहे. एका कंपनीची (नाव लिहीत नाही) ट्यूब माझ्याकडे सांगितलेल्या मुदतीच्या खूप आधी निम्म्यावर आली आणि दुसरी एक मुदत उलटून गेली तरी जवळपास तेवढीच आहे. मीटर नसता तर पहिली फुकट जळत राहिली असती आणि दुसरी चांगली असताना फेकली असती. ट्यूबच्या या पैशांतच मीटर वसूल होतो.

आता ज्या गोष्टी हा मीटर करत नाही त्या नीट समजून घ्या, कारण इथे गैरसमज जास्त आहेत. एक म्हणजे हा यूव्ही इंडेक्स दाखवतो, म्हणजे कातडीला जास्त भाजणाऱ्या लहान तरंगलांबीला जास्त वजन देऊन काढलेला आकडा. डी3 बनण्याशी हा आकडा बऱ्यापैकी जुळतो म्हणून तर 6.5 घ्यायचा. याचाच भाऊ 6.2 आहे तो एकूण यूव्हीबी मोजतो, आणि बेडकासाठी एकटा 6.2 घेऊ नका, त्यात 310 नॅनोमीटरच्या वरची, डी3 साठी फारशी कामाची नसलेली किरणंही मोजली जातात आणि आकडा उगाच मोठा दिसतो. पण दिवा धोकादायक लहान तरंगलांबी सोडतोय का हे बघायचं असेल तर दोन्ही मीटरचं गुणोत्तर काढावं लागतं, एकट्या 6.5 वरून ते कळत नाही. म्हणून दिवा नावाजलेल्या कंपनीचा आणि स्पेक्ट्रम छापून देणाऱ्याचाच घ्यावा.

दुसरं, हा पाण्यात बुडवायचा नाही. टॅडपोल जिथे आहेत तिथला आकडा मिळत नाही, फक्त पृष्ठभागावरचा मिळतो. मग तळ्याचं काय करायचं? पाण्यात पानं कुजून पाणी चहाच्या रंगाचं होतं ना, ते पाणी यूव्हीबी शोषून घेतं, ओरेगन-वॉशिंग्टन भागातल्या तळ्यांच्या अभ्यासात दिसलं की बहुतेक तळ्यांत अंड्यांना पाण्यातल्या या विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांचंच संरक्षण मिळतं. मी तळ्यात देशी बदामाची वाळलेली पानं टाकते, अ‍ॅक्वेरियमवाले जी विकतात तीच, आणि अर्ध्या भागावर शेडक्लॉथ. दर आठवड्याला पाणी काढून नळाचं काचेसारखं स्वच्छ पाणी भरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की त्या पाण्यातून यूव्ही सरळ खाली जातो, आणि तळं उथळ असेल तर टॅडपोलला खोल जायलाही जागा नसते.

तिसरं, भारतातल्या लोकांसाठी आणि हे जरा ठळकच समजा. माझा मावसभाऊ पुण्यात अ‍ॅक्सोलॉटल पाळतो, हा पाण्यातच राहणारा, बेडकासारखाच उभयचर प्राणी, त्याचा गुलाबीसर पांढरा, काळ्या डोळ्यांचा. त्याने विचारलं, "ताई, यूव्ही लॅम्प ऑनलाइन स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" लिंक उघडली तर तो यूव्हीसीचा जंतुनाशक दिवा होता, 254 नॅनोमीटरचा. कोविडनंतर असे दिवे सगळीकडे मिळतात आणि नुसतं "यूव्ही" म्हणून विकतात. तो कुठल्याही प्राण्यावर आणि स्वतःच्या डोळ्यांवरही लावायचा नाही, आणि सोलरमीटर 6.5 त्यासाठी बनवलेला नाही, तेव्हा "मीटरवर कमी दाखवतोय म्हणजे सेफ" असं तर अजिबात धरू नका. अ‍ॅक्वेरियमचा यूव्ही स्टरिलायझर याच जातीचा, तो बंद डब्यातच असला पाहिजे. आणि मुळात अ‍ॅक्सोलॉटलला यूव्हीबीची गरजच नाही. त्यातून पांढरा म्हणजे कातडीत रंगद्रव्य जवळजवळ नाही, डोळ्याला पापणी नाही, त्याला सावलीच द्या. अल्बिनो आणि फिक्कट रंगाचे जे मॉर्फ (एकाच जातीतले रंगाचे प्रकार) आता फॅशन म्हणून विकतात, पांढरे-पिवळे पॅकमन फ्रॉग वगैरे, त्या सगळ्यांना हेच लागू, नेहमीच्या रंगाच्या बेडकाला जो आकडा चालतो तो यांना चालेल असं समजू नका, मी तर निम्म्यावरूनच सुरुवात करेन. अजून एक, अ‍ॅक्सोलॉटल साइट्स (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) च्या यादीत आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचं बघा. आणि पावसाळ्यात अंगणात आलेला आपला बेडूक पकडून टँकमध्ये घालू नका, वन्यजीव कायदा आहेच पण त्याला त्याच्या चिखलात जे मिळतं ते आपण दिव्याने देऊ शकत नाही.

वापरताना एवढं सांभाळा : सेन्सर दिव्याच्या दिशेने सरळ धरा, तिरका धरला तर आकडा कमी येतो. नवी ट्यूब पहिले काही दिवस जास्त सोडते, थोडी जळू द्या मग मोजा. पेटल्यापेटल्या मोजू नका, अर्धा तास थांबा. आणि मोजायचं ते बेडकाच्या पाठीच्या उंचीवर, टँकच्या तळाशी नाही, कारण ग्रीन ट्री फ्रॉग तळाशी बसतोच कुठे. आकडे वहीत तारखेसकट लिहून ठेवा, मीटरला मेमरी नाही.

रेटिंग म्हणाल तर ज्यांच्याकडे यूव्हीबी दिवा आहे आणि बेडूक आहे त्यांच्यासाठी 5 पैकी 5. ज्यांच्याकडे फक्त अ‍ॅक्सोलॉटल आहे त्यांनी घेऊच नये, पैसे पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरला लागतील. एकच छोटा टँक असेल तर चार-पाच जणांत मिळून एक घ्या, रोज लागणारी वस्तू नाही, महिन्यातून एकदा फिरवली तरी पुरते. ब्रिस्बेनच्या दक्षिणेकडच्या भागात कोणाला आपला टँक मोजून हवा असेल तर मेसेज करा, शनिवारी सकाळी मी मीटर घेऊन येऊ शकते, फक्त ट्यूब अर्धा तास आधी लावून ठेवा आणि माझे हात धुवायला साध्या पाण्याची सोय करा, एका घरच्या बेडकाचं दुसऱ्या घरी काही न्यायचं नाहीये.